उन्हात गाडीवर बसताना पायांचं काय करायचं?

माइकपुढं एकच जण बसली आहे, पण हे बोलणं आमच्या ग्रामसंघाच्या सहा जणींनी मिळून लिहून आणलंय. म्हणून आम्ही 'मी' म्हणणार नाही, 'आम्ही' म्हणणार.

विषय सांगितला की पहिल्यांदा हसू येतं. उन्हाळ्यात मोटारसायकलवर, स्कूटीवर जाताना पाय गार कसे ठेवायचे, हा विषय. आमच्या घरात सांगितलं तेव्हा एका मालकांनी विचारलं, "आता पायांनाबी पंखा लावता का?" हसू द्या. डोक्याला पदर, तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, डोळ्याला गॉगल, हे सगळं आपण शिकलो. पाय मात्र उघडेच राहिले. आपल्याकडं पायांचं दुखणं हे दुखणंच धरत नाहीत. भेगा पडल्या, फोड आले, तळवे पेटले, तरी बाई चालतेच.

आम्हाला हे सुचलं ते दोन वर्षांमागं, मे महिन्यातल्या मासिक बैठकीत. बाया चपला दाराबाहेर काढून आत आल्या आणि सतरंजीवर पाय टेकवेनात. कुणी पाय फरशीवर ठेवले, कुणी माठाखालच्या ओल्या जागेत सरकल्या. एकमेकींचे पाय पाहिले तर अंगठ्यापासून घोट्यापर्यंत लाल, आणि चपलेच्या पट्ट्याखाली मात्र पांढरी रेघ. त्या दिवशी हप्त्यांच्या वसुलीआधी अर्धा तास पायांवरच बोलणं झालं.

त्या बोलण्यात आमच्यातल्या एकीनं तिच्या सासूबाईंचं सांगितलं. सासूबाईंना बारा वर्षांपासून साखर. मुलाच्या गाडीवर मागं बसून तालुक्याला औषध आणायला गेल्या. लुगडं नेसून दोन्हीकडं पाय टाकून बसता येत नाही, पण त्या दिवशी पोतं मध्ये होतं म्हणून तशाच बसल्या. उजवा पाय सायलेन्सरला टेकला. टेकला तो टेकलाच. साखरेमुळं पाय बधीर, त्यांना कळलंच नाही. घरी आल्यावर सुनेनं पाय धुवायला पाणी दिलं तेव्हा घोट्याच्या वर रुपयाएवढी कातडी निघालेली. "काही नाही, दुखत नाही," म्हणाल्या. दुखत नाही हेच तर वाईट होतं. वर हळद भरली, कापड बांधलं. पंधरा दिवसांत जखम काळी पडली, पू झाला. दवाखान्याच्या चकरा चार महिने चालल्या, आणि घरातली एक शेळी आणि गटाचं कर्ज त्यात गेलं. पाय वाचला, पण त्या आता काठी घेऊन चालतात.

त्या चार महिन्यांचा खर्च आमच्या वहीत लिहिलेला आहे. म्हणून हा विषय हसण्यावारी नेऊ नका.

आता मूळ गोष्ट. आपल्याला वाटतं, गाडी चालली की वारा लागतो आणि वाऱ्यानं पाय गार राहतात. म्हणून आपण उघडी चप्पल घालतो. आमचंही हेच मत होतं. पण बाईच्या कातडीची उष्णता साधारण 33 ते 35 अंश असते. वारा त्याच्यापेक्षा गार असेल तर तो अंगातली उष्णता घेऊन जातो. आपल्या बीड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या पुढं जातो. मग तो वारा कातडीपेक्षा गरम असतो. असा वारा उष्णता नेत नाही, आणून टाकतो. चुलीपुढं फुंकणी घेऊन बसल्यावर तोंडावर जो झोत येतो, तसला तो वारा. गाडी जितकी जोरात, तितका झोत जास्त. त्यात रस्ता डांबरी. भर दुपारी डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, अनवाणी पाय टेकून पाहा म्हणजे कळेल. आपले पाय त्या डांबरापासून हातभर वर असतात. डोक्यापेक्षा पायांना जास्त धग लागते ती म्हणून.

मग आपल्या घरातला माठ आठवा. भर उन्हात तो पाणी गार कसा ठेवतो? त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं ते उडतं, आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जातं. आम्ही कुणीकुणी लहानपणी छागळ पाहिली आहे. जाड कापडाची पाण्याची पिशवी, ट्रकला नाहीतर जीपला बाहेरून लटकवलेली. गाडी चालू लागली की वाऱ्यानं तिच्यातलं पाणी आणखी गार व्हायचं. वारा तोच गरम, पण पिशवी ओली होती म्हणून तो कामाला आला.

पाणी वाळवायला उष्णता किती लागते, हे खवा करणाऱ्या बाईला विचारा. कढईभर दूध उकळायला थोडं जळण, पण ते आटवून खवा करायला किती जळण जातं! पायावरचं पाणी आटतं तेव्हा ते जळण आपल्या पायातून घेतं. म्हणून पाय उघडा ठेवायचा नाही. पाय झाकायचा, आणि झाकण ओलं ठेवायचं.

ही कल्पना आमची एकटीची नाही. लांब गाडी चालवणारे लोक उन्हाळ्यात अंगातला सदरा भिजवून त्यावर जाकीट घालतात, ते याच कारणानं. आम्ही ते पायांवर करून पाहिलं, एवढंच. बरं, हे आपल्याकडं जमतं कारण आपली हवा कोरडी आहे. कोकणातल्या मैत्रिणींना याचा एवढा गुण येणार नाही, तिथं हवेतच दमट ओल असते, मोजा वाळतच नाही. आपल्याकडंही जूनमध्ये ढग भरून आले की उपयोग कमी होतो.

करून कसं पाहिलं ते सांगतो. गेवराईहून बीडला यायचं होतं, तीस-पस्तीस किलोमीटरचा रस्ता. आमच्यातल्या एकीनं डाव्या पायात सुती मोजा पाण्यात भिजवून, पिळून घातला आणि वर कॅनव्हासचा बूट. उजव्या पायात रोजची चप्पल. लोक बघत होते, बघू दिलं. निघाल्यावर पाच मिनिटांतच फरक कळला. चपलेतला पाय तापत गेला, बुटातला पाय गार राहिला. साधारण अर्ध्या तासानं मोजा वाळू लागला आणि बूट आतून कोंदट झाला. रस्त्यात थांबून बाटलीतलं पेलाभर पाणी बुटातच ओतलं, पुन्हा गार. बीडला पोचल्यावर दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले, सांगायची गरजच राहिली नाही.

पण त्यातून काही चुका कळल्या त्याही ऐका. पहिल्या वेळी मोजा नायलॉनचा होता. बाजारात स्वस्तातले मिळतात ते बहुतेक तसलेच असतात. त्यात पाणी धरत नाही, आणि पाय उकडून निघतो. मोजा सुतीच हवा, जरा जाड हवा. शाळेच्या पोरांचे जुने पांढरे मोजे चालतात. पांढरा रंग ऊन कमी धरतो, म्हणून काळ्यापेक्षा बरा. दुसरी चूक, मोजा पिळलाच नव्हता. पाणी ठिबकत राहिलं, बुटाचा तळ ओला झाला आणि पाय पायदानावरून सटकला. गाडी चालवणारीनं तर मोजा नीट पिळूनच घालायचा. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायात असतो, तो पाय सटकला तर गार पायांचं काय करायचं! तिसरी चूक जास्त महागात पडली. एकीनं दिवसभर ओले मोजे पायात ठेवले. आठ दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. तेव्हापासून नियम केला: पोचलं की बूट काढायचा, मोजे वाळत घालायचे, बोटांच्या मधली जागा कोरडी पुसायची. परतीच्या वेळी पुन्हा भिजवायचे.

ज्यांना बूट नको त्यांच्यासाठी मधला रस्ता आहे. पुढून बंद आणि मागं पट्टा असलेलं सॅण्डल, आत ओला सुती मोजा. निव्वळ रबरी स्लिपर मात्र गाडीवर नको. ती पायातून निसटते, तिचा पातळ तळ तापतो, आणि मोटारसायकलचा गिअर डाव्या पायानं टाकायचा असतो तो तिच्यातून नीट पडत नाही. कोल्हापुरी दणकट खरी, पण वरून उघडीच. पोटऱ्यांना ऊन लागत असेल तर जुन्या सुती लेगिंग्जचे पाय गुडघ्याखालून कापून घ्या, ते पोटरीवर चढवा आणि भिजवा. फडकं गुंडाळू नका. सुटलं की ते थेट चाकात जातं.

आता बुटांचं. साडीवर बूट घातला की लोक हसतात, हे आम्हाला माहीत आहे, आम्ही हसून घेतलंय. गटाच्या कामाला बूट घालून गेलेल्या एकीला चावडीवर "काय फौजदारीणबाई, कुणाला पकडायला निघालात?" असं विचारलं गेलं. तिनं सांगितलं, "उन्हाला." आमच्या आयांनी 1972 च्या दुष्काळात अनवाणी खडी फोडली. पायाला चिंध्या बांधून कामावर जात होत्या त्या, तेव्हा कुणी हसलं नव्हतं. एसटीच्या कंडक्टर मुली रोज बूट घालूनच उभ्या असतात, आता कुणाला त्यात नवल वाटत नाही.

आता एक गंमत, जी आमच्या लक्षात फार उशिरा आली. साडी नेसलेली बाई गाडीवर एका बाजूला बसते, आणि बसते ती डावीकडं तोंड करून. दोन्ही पाय डावीकडं. गेवराई बीडच्या उत्तरेला आहे. गेवराईची बाई सकाळी बीडला निघते तेव्हा गाडीचं तोंड दक्षिणेला, म्हणजे तिची डावी बाजू पूर्वेला. सकाळचं ऊन सरळ पायांवर. काम आटोपून दुपारी तीन-चारला परत निघते तेव्हा गाडी उत्तरेला, डावी बाजू पश्चिमेला. ऊन पुन्हा पायांवर! जाताना ऊन, येताना ऊन. मांजरसुंब्याच्या बाईचं याच्या बरोबर उलटं. ती सकाळी उत्तरेला येते, दुपारी दक्षिणेला जाते, दोन्ही वेळा तिचे पाय तिच्याच सावलीत. एकाच बैठकीला आलेल्या दोघींचे पाय वेगळे का दिसतात, याचं कोडं आम्हाला असं सुटलं. तुमचं गाव कोणत्या दिशेला ते घरी बसून एकदा मांडून पाहा. ज्यांच्या पायावर दोन्ही वेळा ऊन येतं त्यांनी मोजे सोडूच नयेत. आणि मेच्या मध्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला तर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी कुठलीच दिशा कामाची नाही. झाड गाठायचं.

पाय उन्हापासून झाकायला काही जणी निऱ्या पुढं ओढून पायांवर सोडतात. हे करू नका. निऱ्या वाऱ्यानं उडतात आणि चाकात नाहीतर चेनमध्ये जातात. अशा अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. गाडीला साडीगार्ड असलंच पाहिजे. ही काही कंपनीची मेहेरबानी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये नियम क्रमांक 123 आहे. मागं बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला पायदान, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी, हे तिन्ही गाडीला हवं असं त्यात लिहिलेलं आहे. पोरं गाडी देखणी दिसावी म्हणून साडीगार्ड काढून टाकतात. काढलेलं असेल तर घरातल्या माळ्यावरून शोधून पुन्हा लावून घ्या. साडीगार्डलाच खाली पाय ठेवायची पट्टी असते, ती असली की पाय लोंबकळत नाहीत, सुजत नाहीत.

जी सलवार-कमीज घालते तिनं दोन्हीकडं पाय टाकूनच बसावं. तोल नीट राहतो. पण मग उजव्या पोटरीजवळ सायलेन्सर येतो. बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडंच असतो. त्यावर बसवलेली भोकांची पत्र्याची पट्टी निघाली असेल तर गॅरेजवाल्याकडून बसवून घ्या. उतरताना डावीकडूनच उतरायचं, हे लेकरांच्या डोक्यात घट्ट बसवा. पोरं शाळेपुढं गाडी थांबायच्या आत उजवीकडून उडी मारतात आणि पोटरी भाजून घेतात. आमच्या गावात पोटरीवर तो लांबट डाग नसलेलं पोर शोधावं लागेल.

लेकरांचंच आणखी एक. ऊसतोडीहून टोळ्या परततात तेव्हा काही जोडपी ट्रॅक्टरच्या मागं मोटारसायकलवर येतात. धाकटं लेकरू पुढं टाकीवर बसवलेलं, पाय अनवाणी, इंजिनाच्या दोन्ही अंगाला लोंबकळत. टाकी तापलेली, खाली इंजिन तापलेलं. ते रडतं, आईला वाटतं भूक लागली. मैत्रिणींनो, त्याचा पाय आधी हातात धरून पाहा. लेकरू पुढं बसवायचंच नाही हे खरं उत्तर, पण ज्यांना एका गाडीवर सगळा संसार आणायचा असतो त्यांना नुसतं "नको" सांगून आम्ही मोकळ्या होणार नाही. निदान त्याला मोजे आणि बूट घाला, टाकीवर गोधडीची घडी टाका, आणि प्रवास पहाटे उरकून घ्या.

इंजिनाची धग कमी करता येते का? थोडी येते. मोटारसायकलच्या इंजिनाला पत्र्याच्या पातळ पाकळ्या असतात, त्यातून वारा जाऊन ते निवतं. त्या पाकळ्यांत मागच्या पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला असतो. इंजिन गार असताना तो ब्रशनं काढून घ्या. ऑइल कमी झालं, काळं पडलं की इंजिन जास्त तापतं, ते वेळेवर बदला. पावसाळ्यात चिखल उडू नये म्हणून लेगगार्डला रेग्झिन बांधतात, ते उन्हाळ्यात सोडवून ठेवा, वारा इंजिनाला लागू द्या. मांजरसुंब्याच्या घाटात उसाच्या ट्रॉलीमागं अर्धा क्लच दाबून रांगत चढू नका. सावलीत पाच मिनिटं थांबा, ट्रॉली पुढं जाऊ द्या.

स्कूटीवाल्या मैत्रिणींचं जरा सोपं आहे. इंजिन मागं असतं, दोन्ही ब्रेक हातात, पायांना काही काम नाही. पण उन्हात उभी केलेली स्कूटी पाय ठेवायच्या जागी तव्यासारखी तापते. उभी करताना तिथं ओलं गोणपाट टाकून ठेवा, आणि निघताना आठवणीनं काढून घ्या, पायाखाली ते सरकतं.

पायातली जोडवी आणि पैंजण यांचंही बोललं पाहिजे. चांदी उष्णता फार चटकन घेते. उन्हात पायातली जोडवी तापतात आणि बोट आतून चुरचुरतं. सवाष्णीनं जोडवी काढावी असं आम्ही म्हणत नाही, तो ज्या त्या बाईचा प्रश्न. मोजा वरून घातला की चांदीला ऊनच लागत नाही, मग वादच मिटला. पैंजण मात्र लांबच्या प्रवासात काढून ठेवलेलं बरं. पाय सुजला की ते रुततं.

आणि तरीही भाजलं तर? लगेच साधं पाणी, सतत वीस मिनिटं. नळाची धार नसेल तर पाय घमेल्यात धरून तांब्यानं तेच पाणी पुन्हा पुन्हा ओता. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, चुना, हळद, तेल काहीही नको. आधी सांगितलेल्या सासूबाईंच्या जखमेत हळदच भरली होती, ते आम्ही विसरलेलो नाही. जोडवी-पैंजण सूज यायच्या आत काढा. फोड फोडू नका, धुतलेलं सुती कापड सैल ठेवा. ज्यांना साखर आहे त्यांनी छोट्यातला छोटा डाग असला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अशा बाईच्या पायाचे तळवे रोज रात्री घरातल्या कुणीतरी बघावेत, तिचं तिला दिसत नाही आणि कळतही नाही. सूनबाईनं बघावेत असं म्हणणार होतो, मग आमच्यातली एक म्हणाली, लेकानं बघितले तर काय बिघडतं? खरंच काही बिघडत नाही.

रात्री काशाची वाटी आणि खोबरेल तेलानं तळवे घासायची आपली जुनी रीत चांगलीच आहे. पाय मोकळे होतात, झोप लागते. तळवे काळे होतात ती "आतली उष्णता बाहेर आली" असं म्हणतात, पण तो काळेपणा काशाचा आणि तेलाचा असतो. असू द्या, आराम तर पडतो. तळव्याला मेंदी लावायची तर पानं वाटून लावा. बाजारातली झटपट रंगणारी काळी मेंदी नको, तिच्यात रसायन असतं, फोड येतात. जखम असेल तर वाटीही नको आणि मेंदीही नको.

पाय गार असले म्हणजे ऊन लागत नाही, असा मात्र समज करून घेऊ नका. डोकं झाकलेलंच हवं, आणि मागं बसणाऱ्या बाईलाही हेल्मेट कायद्यानं लागतं. पाणी पीत राहा. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, ही बाटली जवळ असू द्या. गाडीवर बसल्या बसल्या डोकं दुखायला लागलं, मळमळलं, बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं तर पाय-बिय राहू द्या, सावलीत निजवा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

शक्य तिथं एसटी धरा. 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे. पण बँकेचं काम साडेदहाला सुरू होतं आणि गावातली गाडी सातला नाहीतर एकला असते, हे आम्हाला कुणी सांगायला नको. म्हणून तर मोटारसायकल.

पाण्याबद्दल आष्टी-पाटोद्याच्या मैत्रिणी विचारतील, टँकरची वाट बघणाऱ्या गावात पाय भिजवायला पाणी कुठून आणायचं? दोन मोजे भिजवायला पेलाभर पाणी पुरतं, ते भाजी धुतलेलं असलं तरी चालतं. पिळलेलं पाणी कुंडीत टाका. रस्त्यातल्यासाठी अर्धी बाटली बास.

सगळ्यात अवघड काय, ते शेवटी सांगतो. मोजे नाही, बूट नाही, पाणीही नाही. अवघड आहे ते मागं बसून "थांबा" म्हणणं. पाय पोळतोय हे बाईला कळतं, पण मालकांना उशीर होईल, भावजी चिडतील, सासऱ्यांपुढं कसं बोलायचं, म्हणून ती बोटं आखडून तशीच बसते. आम्ही आमच्या घरात निघायच्या आधीच ठरवून टाकलंय: दर अर्ध्या तासानं एखाद्या कडुलिंबाखाली थांबायचं, मोजे भिजवायचे, लेकराला पाणी पाजायचं. आधी ठरलेलं असलं की वाटेत मागावं लागत नाही. त्या "पंखा लावता का" म्हणणाऱ्या मालकांनी गेल्या मेमध्ये अंबाजोगाईला जाताना दुसऱ्या थांब्यावर स्वतःची चप्पल काढली, पाय बघितले आणि हळूच विचारलं, "ते मोजे आणखी एक जोड आहेत का?"

होते. आम्ही दिले. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातले जुने सुती मोजे आणि लेगिंग्ज घेऊन या, शिवणयंत्र आम्ही आणतो. पोटरीसाठीच्या बाह्या तिथंच कापून शिवू. ज्यांच्या घरात साखर असलेलं माणूस आहे त्यांना आधी देऊ.